बारा तासांचा फरक

पिएद्रास रस्त्यावर, बंदराच्या फाटकापासून चौथं,
माझ्या बापाचं घड्याळांचं दुकान.
वॉशिंग्टन एचेवेरी.
नाव भलतंच मोठं, दुकान हातभर.

खलाशी येत. ग्रीक, गालिसियन, फिलिपिनो,
मनगटावर दोन-दोन घड्याळं बांधून,
एक मोन्तेविदेओचं, एक घरचं.
बाबा विचारी, तुमच्याकडे किती वाजले?
आणि काटे फिरवून देई, फुकट.

पे ग्यू-ते आला तो जुलैत, दाट धुक्यात.
माकूळ पकडणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायचा.
एकच घड्याळ, किल्लीचं, पट्टा कुजलेला.
"बुसान," तो म्हणाला.
बाबाने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं,
आणि घड्याळ तसंच परत दिलं.
बरोब्बर बारा तास.
काट्याला हात लावायला नको.

त्याचा चेहरा पडला.
पृथ्वीच्या पार पाठीमागे आलो, म्हणाला,
आणि साधा काटाही हलत नाही?

मग संध्याकाळी येऊन बसायचा, पट्ट्याच्या निमित्ताने.
आम्ही त्याला आमचं गाव समजावलं:
इथे नदीला समुद्र म्हणतात.
काखेत थर्मास आणि गावाला वळसा,
मातेचा घोट संपेपर्यंत कुणी कुणाला हाकलत नाही.
"आत्ता येतो" म्हणजे दिवेलागणीनंतर.
एकोणतीस तारखेला ताटाखाली नोट ठेवून न्योकी खातो,
पैसा यावा म्हणून.
येतो तोही. आमच्यासारखाच, उशिरा.

त्याचं गाव चढावर चढ, घरावर घर.
मासळीचा लिलाव उजाडायच्या आत उरकतो,
बोटांच्या खुणांनी.
सूप निवायची वाट कुणी बघत नाही,
आणि जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या
स्वतःच्या गुडघ्यांना दटावतात, पल्ली! पल्ली! चला लवकर!

त्यातलीच एक त्याची आई, ओक माल-सून.
यॉन्गदोच्या गोदीत फळीवर लटकून
हातोडीने जहाजांचा गंज झाडते.
कांग-कांग, कांग-कांग, चाळीस वर्षं.
गंज गेला, कान गेले.
फोनवर बोलते ती वादळातल्या जहाजाशी बोलल्यासारखी.

एका रविवारी रात्री नऊला तिचा फोन आला.
तिच्याकडे सोमवार, सकाळचे नऊ,
अर्धं काम झालेलं.
आमच्याकडे पालेर्मोतून ढोल निघाले होते,
जाळावर चामडं तापवून ताणलेले,
म्हातारे पुढे, पोरंटोरं मागे.
ग्यू-तेने फोन दाराबाहेर धरला.
तिने बहुतेक जबड्याच्या हाडाला लावला असेल.

"रात्रपाळी का रे?" दुकानभर आवाज घुमला.
"किती माणसं लावलीत ठोकायला?"
"पन्नासेक असतील."
"म्हणजे जहाज मोठं आहे."
"हो आई. मोठं आहे."

(तो सांगत गेला, बाबा मला भाषांतर विचारत गेला,
मला कुठे कोरियन येतं!
हे सगळं त्याने मागाहून, मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं.)

बाबा म्हणाला, पूर्वी उन्हाळ्यात
सरकार घड्याळं तासभर पुढे करायचं.
तेव्हा आपल्यात अकराच तास असायचे.
ग्यू-ते बराच वेळ गप्प राहिला.
"मग बंद का केलं?"
बाबाला काही सांगता येईना.

पट्टा उद्या देतो, बाबा म्हणाला होता.
असे तीन उद्या झाले.
चौथ्या पहाटे बोट सुटली,
सांगितलेल्या मिनिटाला.
आम्ही नऊला दुकान उघडलं,
म्हणजे साडेनऊला.

आता बाबाची नजर गेलीय, दुकान मी बघते.
ते घड्याळ खिळ्यावर आहे,
नव्या पट्ट्याचं, रोज किल्ली दिलेलं.
गिऱ्हाइकं विचारतात, हे कुठली वेळ दाखवतं?
मी सांगते, पट्ट्याचे पैसे यायचेत अजून.

रविवारी ढोल लांबून यायला लागले
की बाबा आतून हाक मारतो, वाजले किती?
नऊ, मी म्हणते.
"मग ती चढली असेल फळीवर."
आणि मी किल्ली देते,
घाईघाईने,
स्वतःच्या बोटांना दटावत.