उजव्या बाजूचं अस्तर

वडगावात तीस वर्षं ब्लाऊज शिवले.
बायकांची छाती मी आकड्यांत ओळखते:
चौतीस, छत्तीस, बाळंतपणानंतरची अडतीस.
गाठ मात्र टेपला लागत नाही.

डॉक्टरांनी जांभळ्या पेनानं रेघ आखली.
म्हटलं, खडू घ्या, चुकलं तर पुसता येतो.
ते हसले नाहीत.
आमच्या भागात रेघा आखणारे
बहुतेक असेच घाईत असतात.

शेजारच्या खाटेवर बैलहोंगलची शिवलीला.
तिला मराठी अर्धी, मला कन्नड पाऊण.
आहाराचा कागद मिळाला, कन्नडात छापलेला;
ती बोट ठेवून वाचत गेली:
अंडी, मूग, शिजवलेलं खा, कच्चं नको,
पाणी भरपूर.
कुठंच लिहिलेलं नव्हतं
की तिसऱ्या सलाईननंतर
कुंदासुद्धा तोंडात खिळ्यासारखा लागतो.

परशराम डबा आणायचा, झाकण उघडायचा
आणि खिडकीकडं बघत बसायचा.
जेवलीस का, हे त्यानं संसारात कधी विचारलं नव्हतं,
आता विचारायला घाबरायचा.
शिवलीला रोज विचारायची, ऊटा आतेन्री?
मी खोटं सांगायची, हूं, आतु.
एके दिवशी तिनं डबा उचलून पाहिला. जड.
काही बोलली नाही.
तिच्या थर्मासमधली नाचणीची आंबील,
ताक, जिरं, वाटीभर माझ्यापुढं.
ती पोटात राहिली.
त्या रात्री मी पहिल्यांदा रडले.
त्याआधी रडायलाही अंगात काही नव्हतं.

मंगाईकडं आजवर पुष्कळ मागितलं:
मशीन, मुलगा, भाडेकरू निघावा.
या खेपेला नुसती खांबाला टेकून बसले,
डोक्यावरचा रुमाल सोडून.
तीही काही बोलली नाही. बरं वाटलं.

मग मशीन पुसलं. उजवीकडं दुहेरी अस्तर,
आत कापूस. पण कापूस हलका, खांदा वर जायचा.
डब्यातली नाचणी घातली
मूठ मूठ, आरशात बघत,
डाव्याइतकी होईस्तोवर.

तपासणीच्या दिवशी शिवलीलानं हात लावून बघितलं,
भर रांगेत,
आणि अशी हसली की नर्सबाई बाहेर आल्या:
अक्का, दार्याग हसिवाद्र?
वाटेत भूक लागली, तर?

आता तिचं शिवायला घेतलंय. डावी बाजू.
कापड तिनंच दिलं, इरकलीचा तुकडा.
माप विचारलं नाही.
विचारलं ते इतकंच,
आत नाचणी घालू, की जोंधळा?