जे हललं नाही ते

वूच शहरात नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो
आणि आमचा दिवस सुरू होतो.
मी केबली अंथरतो, वर रबरी पट्ट्या ठोकतो.
डोब्राव्हा शिडीवरून प्रोजेक्टरचं तोंड
बोटभर डावीकडे वळवते, मग पुन्हा उजवीकडे,
आणि बंद कापडगिरणीची विटांची भिंत
झोपेतून हाक मारल्यासारखी दचकून उजळते.

सांगायला काम सोपं आहे:
भिंतीवर प्रकाशाचे नऊशे उभे धागे.
समोरून कुणी चाललं की सरकतात,
हात उचलला की गाठ पडते,
दोघं जवळ आले की मधे कापड विणलं जातं
आणि लांब गेले की उसवतं.
पोरं धुडगूस घालतात.
सगळ्यात सुंदर नक्षी एक कुत्रा काढून गेला,
मालकाला पत्ताही नाही.

पहिल्या बर्फाच्या रात्री फजिती झाली.
कॅमेऱ्याने कणाकणाला माणूस मोजलं.
चौकात चिटपाखरू नाही
आणि भिंतीवर लाखभर लोकांची जत्रा.
येरेमी म्हणाला, बंद करू या.
डोब्राव्हा म्हणाली, थांब की जरा.
थर्मासमधलं बीटाचं सार
आम्ही तिघं एकाच झाकणातून प्यायलो.

मग ती बाई येऊ लागली.
काझिमिएरा. आडनाव सांगितलं नाही.
राखाडी कोट, हातात पावाची पिशवी,
रोज सहाला येणार, बरोबर मधोमध उभी राहणार
आणि हलणार नाही.

आमच्या यंत्राचा एक नियम आहे,
मीच लिहिलाय, अडीच ओळींचा:
चाळीस सेकंद जे हललं नाही
ते भिंतीत जमा करावं.
नाहीतर दिव्याचे खांब, बाक, टेकवलेल्या सायकली,
सगळ्यांनाच धागे चिकटतील.
पडद्यावर मला दिसायचं:
एक निळसर आकृती येते,
थांबते,
कडांपासून विरघळते,
आणि चाळिसाव्या सेकंदाला तिथे वीट असते.
धागे सरळ तिच्यावरून जातात,
कोटावरून, पिशवीवरून, चष्म्यावरून.

मी जाऊन म्हटलं, हात हलवून बघा ना, गंमत आहे.
म्हणाली, एकतीस वर्षं हलवला.
या भिंतीपलीकडे, दुसऱ्या मजल्यावर,
बारा माग होते माझ्याकडे.
धोट्यांचा आवाज एवढा
की आम्ही ओठ वाचून भांडायचो.
धागा तुटला की पगार तुटायचा.
आता उभी आहे. उभी राहू दे.

रात्री मी डोब्राव्हाला विचारलं,
चाळीसचे चार हजार करू?
म्हणजे ती दिसेल तरी.
ती बराच वेळ एकच नट आवळत राहिली.
मग म्हणाली,
तिला दिसायचंय, असं तुला कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी येरेमीला लॅपटॉपवर बसवून
मी बाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.
सव्विसाव्या सेकंदाला नाक खाजवलं,
भिंतीवर ही भली मोठी गाठ.
बाई गालात हसल्या.
पुन्हा एकपासून.

चाळीसला काहीच जाणवलं नाही.
फक्त धागे माझ्या बाहीवरून
तिच्या बाहीवर न अडखळता गेले.
मागून येरेमी ओरडला, अरे, कुठे गेलास?

तेवढ्यात बाईंचे ओठ हलले,
आवाज नाही, नुसते ओठ.
एवढीशी हालचाल कॅमेऱ्याला कळत नाही.
मलाही वाचता आली नाही.