जुने काम

बॅलार्ड पिअरला चौथ्या मजल्यावर
आमचं कस्टम्स क्लिअरिंगचं ऑफिस.
रात्री दोन दहाला माझी स्क्रिप्ट उठायची
आणि नको असलेले फोल्डर झाडून काढायची.
सतरा ओळींची. मी लिहिलेली.
मला तिचा अभिमान होता, हे आधी सांगून टाकतो.

त्या रात्री यादीत एक नाव होतं: जुने काम.
दोन शब्द, मधे बोटभर मोकळी जागा.
मी डॉलर लावून त्याला बोलावलं,
उघडंच, कशात न गुंडाळता,
आणि शेलने नेमकी त्या मोकळ्या जागेवर सुरी ठेवली.

'जुने' शोधलं. नव्हतं.
(नसलं तर कुरकुर करू नकोस, हे मीच बजावलेलं.)
'काम' शोधलं.
काम होतं.
चालू महिन्याचं, न्हावाशेवाच्या बारा कंटेनरांसकट,
सगळंच्या सगळं काम.

पावणेसहाला हेमलता चुरी आल्या,
माझगावहून टॅक्सीने, केस ओले, चष्मा पिशवीत.
सतरा ओळी वाचल्या. नवव्या ओळीवर थांबल्या.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
म्हणाल्या, “पाणी आण सांगितलं तर कसं आणशील?
बोटांच्या फटींतून?”
दोन्ही हात जुळवून पुढे केले.
“ओंजळ कर. इकडे दोन रेघा, तिकडे दोन रेघा.
आतलं नाव उघडतं, त्याचं पाणी होतं,
पण सांडत नाही.”

मग एक हात मिटला.
“ही मूठ. इकडे एक रेघ, तिकडे एक.
हिच्यात डॉलर म्हणजे नुसता डॉलर.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आत काय आहे ते शेलसुद्धा विचारत नाही.”

“आणि नावात काही नसेलच तर?”
“तर ओंजळ रिकामी दिसते.
कोणीतरी काहीतरी मागितलं होतं, एवढं तरी उरतं.
ओंजळच नसेल, तर तेही नाही.”

बॅकअपची टेप लॉकरमध्ये होती, पण मंगळवारची.
बुधवार गेला तो गेला.
तो आम्ही चौघांनी कागदांवरून परत टाइप केला,
वजनं, सीलचे नंबर, जहाजांची नावं
(जहाजांच्या नावांत किती मोकळ्या जागा असतात!)
आणि खाली गोदीच्या भिंतीलगत ट्रकवाले
इंजिन बंद करून झोपून राहिले.

दुपारी रजा टाकून आईला बँकेत नेलं, भायखळ्याला.
काउंटरवरचा मुलगा नवा होता.
“मिस्टरांचं नाव?”
आईने माझ्याकडे पाहिलं.

एकेचाळीस वर्षं ती 'अहो' म्हणत आली.
'अहो' म्हणजे कोण, हे घरात कोणाला विचारावं लागलं नाही,
भिंतीवरच्या घड्याळालाही ते कळत असावं.
लग्नात एकदा, म्हणे, उखाण्यात,
दोन्ही बाजूंना यमक लावून
तिने ते नाव उघडलं होतं.
तेवढंच.
बाबा मार्चात गेले. 'अहो' अजून आहे.
कधी कधी ओट्यापाशी ती हाक मारते
आणि मग नळ जरा मोठा सोडते.

मुलगा पेन टेकवून थांबला होता.
मी तोंड उघडणार, एवढ्यात तिने माझा हात दाबला.
“हरेश्वर,” ती म्हणाली.
आणि श्वास घेतला.

मुलाने तेवढंच लिहिलं
आणि पेन पुढच्या रकान्याकडे नेलं.

“थांब,” मी म्हणालो,
जरा मोठ्याने, मागची रांग बघायला लागली,
“थांब. नाव अजून संपलेलं नाही.”