चार दिवस, तीन रात्री

हनोईत बसलो ते टीचभर स्टुलांवर,
गुडघे कानांशी.
नंदेशने तर आधी स्टूल उलटं करून पाहिलं,
वजन पेलेल का म्हणून.
शेवया, कोळशावरचं मांस, वर पाल्याचा ढीग.
पुदिना ओळखला,
बाकीची पानं भरवशावर खाल्ली.
अंड्याची कॉफी मी अर्धी टाकली
(कुणाला सांगू नका, फोटो झकास आलाय).
तळ्यातलं देऊळ पुलाच्या अलीकडूनच पाहिलं.
पुढे रांग होती, आणि टाचेला फोड.

दिवाळ्याला घरी येऊन बॅग उघडली
तर बाटली फुटलेली.
रेशमी ओढणी, पासपोर्ट, वेताची टोपी,
सगळं माशाच्या रसात न्हालेलं.
नाक दाबून एकेक ओट्यावर मांडत होते,
तिकडे चांगुणाआत्या जवळा पसरत होती.
उठून आली. टोपीला बोट लावलं,
चाटलं.
डोळे मिटून थोडा वेळ तशीच.
"यो वास घ्याला
इमानान कनाला गेल्ताव गो?
सकाली बंदरावर याचा."

तिला सांगायचं होतं,
तिथल्या बाजारात भाषा खुंटली तेव्हा
बाटली विकणाऱ्या म्हातारीनेही
असंच बोट बुडवून चाटलं होतं,
असेच डोळे मिटले होते.
पण आत्या केव्हाच कावळ्यामागे धावली,
हातात काठी, तोंडात शिवी.

टोपी दोनदा धुतली.
ओढणी तीनदा.
पासपोर्ट अजून खिडकीत आहे,
उन्हात, उघडा,
व्हिसाच्या पानावर एक माशी.