पांढऱ्याचा पत्ता

काचकारखान्याच्या मागे, फुटका माल टाकतात तिथे,
तावेत्तीनं मला बर्फ समजावला.
मी नऊ वर्षांची. फेब्रुवारी.
नाकातला श्वाससुद्धा गोठून टोचायचा.

त्यानं फसलेली एक बरणी उजेडाकडे धरली.
आरपार. पलीकडे त्याचीच बोटं.
मग गोणपाटात गुंडाळून हातोडी घातली
आणि ओंजळभर चुरा माझ्या हातमोज्यावर ओतला.
पांढरा. साखरेसारखा.
"यात मी काय मिसळलं?"
काहीच नाही.
"मग पांढरं आलं कुठून?"

मला वाटलं, हातोडीतून.

"उजेड आत शिरतो," तो म्हणाला,
"कण, हवा, पुन्हा कण, पुन्हा हवा,
दर उंबऱ्यावर थोडा वळतो, थोडा मागे फिरतो,
वाट चुकत चुकत बाहेर येतो
तांबड्या-हिरव्या-निळ्यासकट.
कुणी काहीच ठेवून घेतलेलं नसतं.
बर्फाचंही तेच. फक्त हातोडी नाही."

घरी मी भांडंभर बर्फ चुलीवर चढवला
आणि पाळत ठेवून बसले.
पांढरं गेलं.
वाफेत दिसलं नाही, तळाशी बसलं नाही.
उरलं जेमतेम पेलाभर पाणी.
आईनं ते ओतून दिलं. तिला भांडं हवं होतं.

मग काठीनं अंगणातल्या ढिगात खोल भोक पाडलं,
डोळा लावला: आत निळं!
"इतक्या आत तांबडा दमतो," तावेत्ती म्हणाला,
"बर्फ त्याला घोटाघोटानं गिळतो.
वरवर बघणाऱ्याला पत्ता लागत नाही."

धुराड्याखालचा बर्फ मात्र करडा.
काजळी चिमूटभर, तीट लावावी एवढी,
पण भटकता उजेड कधी ना कधी
तिच्या तावडीत सापडायचाच.
आमच्या गावात वसंत तिथे आधी यायचा,
चिखल घेऊन.

परवा कुओपिओच्या इस्पितळात त्याला बघितलं.
उशीवर केस, खिडकीबाहेर बर्फ,
दोन्हीकडे एकच दुपार.
केसांतही पांढरा रंग नसतो म्हणे,
असलेला रंग तेवढा निघून जातो.
केस उन्हानं पांढरे होत नाहीत म्हणतात.
होतात की.
उन्हानंच होतात.

तीन वाजता अंधारलं. पडदा ओढून
नर्सनं दिवा मालवला.
मी खुर्चीखाली चाचपडत
माझा दुसरा हातमोजा शोधत राहिले.