गट चौदा, ठोकळा तिसरा

काँक्रीट वाळत नाही, हे पहिल्याच तासाला सांगतो मी
नव्या पोरांना.
वाळतात ते कपडे. काँक्रीट मुरतं.
त्यासाठी त्याला पाण्यात बुडवून ठेवावं लागतं
अठ्ठावीस दिवस,
आणि मधे मधे उचलून बघायचं नसतं.
पोरं हसतात, वहीत लिहितात: २८.

कुमासीच्या तंत्रविद्यापीठात एकोणीस वर्षं
माझं काम एवढंच:
टाकीतलं पाणी बदलणं, साच्यांना तेल लावणं
आणि लोकांनी मन लावून केलेलं
यंत्राखाली ठेवून फोडणं.
प्राध्यापक बदलले. पंखा तोच आहे.

बेनेदिक्ता डाकुरा, गट चौदा.
पार उत्तरेची, नांदोमची. एका रात्रीचा बसप्रवास.
गटातले तिघे म्हणत होते, अजून एक मग पाणी घाल,
हात दुखतात, आणि कँटीनमधली केंकी संपेल.
तिने मग पालथा घातला.
"पाणी घातलं की सोपं होतं," म्हणाली,
"तेच तर वाईट."
सळईचे पस्तीस ठोके, एकेका थराला, तोंडाने मोजत होती
तिच्या भाषेत, मला न कळणाऱ्या.
दुसऱ्या दिवशी साचे उघडले
तर कडा अशा, की बोट कापावं.
मेणखडूने लिहिलं: १४, १४, १४,
आणि तिसऱ्यावर कोपऱ्यात, बारीक, बे. डा.
नाव घालायची पद्धत नाही. मी काही बोललो नाही.

मग हरमाटन सुटला.
खिडकीच्या झडपांवर सहाराची धूळ, फुटलेले ओठ,
आणि फी भरायची तारीख.
यादीत नाव नाही म्हणून संगणक तिला
परीक्षेला बसू देईना.
पाणी किती घातलं होतंस,
हे संगणक विचारत नाही.
मी तिला केजेतियाच्या स्टँडवर पाहिलं,
गादीची वळकटी, आणि वळकटीत खुपसलेली
टी-पट्टी, झेंडा काढून घेतलेल्या काठीसारखी.
मी ट्रोट्रोत होतो. गाडी थांबली नाही.
मी थांबव म्हणालो नाही, हेही लिहून ठेवतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिघे आले.
अहवाल आधीच टाइप केलेला, आकड्याची जागा फक्त मोकळी.
पहिला ठोकळा: काटा चढला, चढत राहिला,
पंचवीस पुरे होते, एकतीसला गेला,
मग आतून, लांब कुठेतरी फांदी मोडावी तसा आवाज.
चारी बाजू गळून पडल्या आणि मधे उरला
कमरेत बारीक, दोन्ही टोकांना रुंद
डोंडो, आमचा काखेत धरायचा बोलका ढोल.
नीट मुरलेलं असंच फुटतं.
कच्चं कसंही फुटतं.
दुसरा: तेहेतीस.
तिसऱ्याकडे बघत एनोक म्हणाला,
"सर, दोनाची सरासरी चालेल का?"
त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही.
कदाचित केंकीच.

तिसरा टाकीतच आहे. चौथं वर्ष.
नियमाने, न फोडलेल्या ठोकळ्याला ताकद नसते;
रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे रेघ.
तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, हा कुणाचा?
म्हटलं, विद्यार्थिनी रजेवर आहे.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

एकदा तिचा फोन आला.
सिमेंटच्या विटा पाडते म्हणाली, शाळेच्या कुंपणासाठी,
मजूर पाणी जास्त घालतात, रोज भांडण.
पदवीचं मी विचारलं नाही, तिने काढलं नाही.
फोन ठेवता ठेवता म्हणाली,
"टाकीतलं पाणी बदलता ना?"
बदलतो, म्हटलं. दर शनिवारी.

त्या दिवशी मंगळवार होता.
बाही वर सारली, पाण्यावरची चुन्याची साय बाजूला केली,
हात घातला कोपरापर्यंत.
कडा अजून तशाच.