प्रथम काय कराल?

आमच्याकडे दिवस बुडायच्या आत जेवणं उरकतात,
त्यामुळे सातलाच टेबल मोकळं होतं.
सासूबाई फडकं मारतात, एक कोपरा
जरा जास्तच कोरडा करतात, माझ्यासाठी.
विचारत काही नाहीत. परवा फक्त म्हणाल्या,
"नापास झालीस तर पगार कापतात का गं?"

एकशे ऐंशी प्रश्न. दोनशे तीस मिनिटं.
मधे दहा-दहा मिनिटांच्या दोन सुट्ट्या,
शाळेतल्यासारख्या.

अठरा वर्षं शेड उभारतेय कुपवाडला.
अर्जात ते सगळं इंग्रजीत भरायचं होतं:
मी नेतृत्व केले. मी समन्वय साधला.
कुठल्या रकान्यात लिहू, की स्लॅबच्या रात्री
मिक्सर बंद पडला तेव्हा मी बिरनाळे ठेकेदाराच्या
दारात जाऊन त्याच्या बायकोला उठवलं,
कारण तो माझा फोन घेत नाही, पण तिचं ऐकतो?
पुस्तकात याला नाव आहे, चार चौकटी आहेत:
कुणाच्या हातात सत्ता, कुणाला किती रस.
बिरनाळे वहिनी कुठल्या चौकटीत,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रश्न: पुरवठादाराचा माल वेळेत आला नाही.
व्यवस्थापकानं प्रथम काय करावं?
मला ठाऊक असलेलं उत्तर चार पर्यायांत नसतंच.
स्कूटी काढावी, अंकलीच्या नाक्यावर जावं,
ट्रक टपरीपाशी उभा असतो.
कॉम्प्युटर म्हणतो, आधी करार तपासा.
बावन्न टक्के.
पुढच्या रविवारी सत्तावन्न.
सम्यक नववीत आहे. पडद्यावर वाकून म्हणाला,
"आई, तू तुझ्यासारखं उत्तर नको देऊस.
त्या पुस्तकातल्या बाईसारखं दे."

ती बाई मला हळूहळू कळायला लागलीय.
ती ओरडत नाही, साहेबाकडे धावत नाही.
आधी बघते, मग बोलते, मग नोंद करते.
तिच्या मुकादमाला ऐन वेळी कावीळ होत नाही.
हेवा वाटतो तिचा. थोडी कीवही.

जोखमीचं प्रकरण मी शेवटी ठेवलं होतं.
शक्यता गुणिले परिणाम.
हे गणित आमच्या सांगलीत पुलावर
फुटांत लिहिलेलं असतं.
त्या ऑगस्टात कर्नाळ रोडच्या शीतगृहात
भिंतीवर माझा वेळापत्रकाचा तक्ता होता,
लाल रेघ, हिरवी रेघ.
पाणी त्याच्यावर दीड वीत चढलं.
आदल्या रात्री वॉचमन दस्तगीरमामांनी
मेव्हण्याला बोलावून चार मोटारी
दोरानं माळ्यावर ओढून घेतल्या होत्या.
कुणी सांगितलं, विचारलं तर म्हणाले,
"नदीचा वास बदलला हुता, मॅडम."

पाणी ओसरल्यावर त्यांनीच विटेच्या तुकड्यानं
भिंतीवर रेघ मारली, तारीख घातली,
खाली लिहिलं: पुढच्या येळी मोटर वरच बसवा.
रंगारी आला तेव्हा मी म्हटलं होतं,
तेवढी भिंत सोड.
का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.
प्रत्येक कामाच्या शेवटी लिहून ठेवायच्या
या कागदाचं नाव पुस्तकात सापडलं काल:
शिकलेले धडे.

उद्या पहाटेची पुण्याची गाडी.
केंद्रात घड्याळ चालत नाही, पेन चालत नाही,
बांगड्याही काढून ठेवायला सांगतात म्हणे.
आजचा शेवटचा सराव, त्र्याहत्तर.

नऊला फोन वाजला. वहिनी होत्या.
"मॅडम, तुमची परीक्षा हाय म्हणं.
उद्याचा स्लॅब मी बघती, ह्यांना उठवून धाडती.
तुम्ही बिनघोर जावा."

सासूबाई फडकं पिळत उभ्या होत्या.
मी वही उघडली, आणि वरच्या उजव्या चौकटीत
पेन्सिलीनं लिहिलं: वहिनी.
नाव काय त्यांचं?
अठरा वर्षांत विचारलंच नव्हतं.